साखरेचा उजेड : पवई ते सिहोरा

बँकेतील रोखपालाच्या टेबलावर जांभळट प्रकाश देणारा एक लहानसा दिवा असतो. संशयास्पद वाटलेली नोट त्याखाली धरली की महात्मा गांधी मालिकेतील खऱ्या नोटेचे क्रमांक उजळून निघतात, कागदात विखुरलेले बारीक तंतू चमकू लागतात आणि मूळ कागद मात्र निमूटपणे अंधारात राहतो. साध्या कागदावर छापलेली बनावट नोट बहुधा याच्या उलट वागते. तिचा सगळा कागदच निळसर प्रकाशतो. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घ्यावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात दिसणारा प्रकाश परत करावयाचा, हा काही पदार्थांचा स्वभाव आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली फ्लुओराइट या खनिजावरून त्यास ‘फ्लुओरेसन्स’ असे नाव दिले. मराठी परिभाषेत आपण त्याला अनुस्फुरण म्हणतो.

खऱ्या-खोट्या नोटेचा निवाडा करणारा हाच गुणधर्म रक्तातील साखर मोजण्याच्या कामी यावा, यासाठी जगातील अनेक प्रयोगशाळा गेली चार दशके झटत आहेत. त्यांत आपल्या मुंबईतील पवईचे नावही मानाने घ्यावे लागते. या संशोधनाची ओळख आपल्या खातेदारांना व सहकाऱ्यांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. त्याचबरोबर एक प्रश्नही मांडावयाचा आहे : प्रयोगशाळेत उजळलेला हा दिवा जबलपूर जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या तहसिलीच्या गावी कितपत टिकेल?

एका नोंदीवरून खाते कळत नाही

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. प्रौढांमधील प्रमाण शहरांत १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. मधुमेह हा केवळ शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार आहे, ही समजूत आता सोडून द्यावयास हवी.

या विकारात साखर नुसती ‘आहे की नाही’ एवढे कळून भागत नाही. उपाशीपोटी ती दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असावी. १२६ वा त्याहून अधिक आकडा पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर तो मधुमेह. ती ७० च्या खाली घसरली तर हातांना कंप सुटतो, दरदरून घाम येतो, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. चढलेली साखर वर्षानुवर्षे मूत्रपिंड, डोळे व पाय पोखरत राहते. उतरलेली साखर एखाद्या रात्रीत घात करते.

बोटाला सुई टोचून मिळणारा आकडा म्हणजे पासबुकातील एकच नोंद होय. तीवरून महिनाभरात पैसे कसे आले आणि कसे गेले हे समजत नाही. ‘एचबीए१सी’ ही तपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती म्हणजे जणू तिमाहीची सरासरी शिल्लक. पण सरासरी शिल्लक समाधानकारक असूनही मधल्या एखाद्या दिवशी खाते रिकामे झालेले असू शकते. रुग्णाला हवा असतो तो संपूर्ण खातेउतारा : पहाटे, जेवणानंतर, शेतातील श्रमानंतर, मध्यरात्री. दिवसातून चार वेळा बोट टोचावयाचे ठरविले तर वर्षाला १,४६० पट्ट्या लागतील, आणि तरीही मध्यरात्रीचे पान कोरेच राहील.

मुंग्यांपासून विद्युतप्रवाहापर्यंत

साखर ओळखण्याचा माणसाचा खटाटोप जुना आहे. मधुमेही माणसाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण आपल्या प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांत आढळते. १९०८ साली स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी तांबेयुक्त निळे द्रावण सिद्ध केले. साखरेच्या प्रमाणानुसार उष्णतेने ते हिरवे, पिवळे आणि अखेर विटकरी होत जाते. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकलेल्या अनेक वाचकांनी ही परीक्षानळी हाताळली असेल. १९५६ मध्ये मूत्रात बुडवून रंग पाहण्याची पट्टी बाजारात आली, तर १९७० मध्ये रक्ताच्या पट्टीचा रंग यंत्राने वाचणारा पहिला मीटर आला.

यांतील मूलगामी वळण १९६२ सालचे. अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी ‘ग्लुकोज ऑक्सिडेज’ हे विकर, म्हणजे एन्झाइम, विद्युताग्रावर बसविण्याची कल्पना मांडली. विकर हा निसर्गाने घडविलेला असा कारकून आहे की जो शेकडो पदार्थांच्या गर्दीतून नेमके आपलेच कागद उचलतो. ग्लुकोज ऑक्सिडेज रक्तातील ग्लुकोज निवडते, प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे ग्लुकोनिक आम्लाकडे नेणारे रूपांतर घडविते आणि या व्यवहारात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. प्राणवायू किती घटला वा पेरॉक्साइड किती वाढले हे विद्युतप्रवाहाने मोजले की साखर समजते. जिवंत सृष्टीतील घटक आणि मोजमापाचे यंत्र यांच्या या जोडणीस जैवसंवेदक म्हणतात. आज घरोघरी दिसणारे बहुतेक ग्लुकोमीटर याच वंशातील होत. दंडावर चिकटवून दोन आठवडे साखर नोंदविणारी प्रचलित साधनेही मुख्यतः विद्युतप्रवाहावरच चालतात.

पातळ थराचे महत्त्व

विकर पाण्यात विरघळते. ते नुसते रक्तात सोडले तर वाहून जाईल, आणि पुन्हा वापरता येणार नाही. म्हणून ते एखाद्या थरात कोंडून ठेवावे लागते. हा थर म्हणजे एक प्रकारची चाळणी होय. ग्लुकोजचा रेणुभार १८०, तर ग्लुकोज ऑक्सिडेजचा सुमारे १,६०,००० आहे. चाळणीची छिद्रे अशी हवीत की ग्लुकोज सहज आत-बाहेर करील, पण त्याच्या जवळपास नऊशेपट जड असलेले विकर बाहेर पडू शकणार नाही.

थर पातळ असावा लागतो यालाही कारण आहे. एखादा रेणू झिरपत थर ओलांडतो, तेव्हा लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. थर दुप्पट जाड केला की वेळ चौपट. दहापट जाड केला की शंभरपट. साखर झपाट्याने उतरत असताना संवेदकाने अर्ध्या तासापूर्वीचा आकडा दाखविला तर त्याचा काय उपयोग? तेव्हा अनुस्फुरक रंगद्रव्य आणि साखर ओळखणारा पदार्थ यांना एकत्र धरून ठेवणारा, केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ असा थर तयार करणे हे या विषयातील खरे कसब आहे.

उजेड साखर कशी सांगतो?

साखरेचे प्रमाण प्रकाशात उतरविण्याच्या तीन मुख्य रीती आहेत.

पहिली रीत प्राणवायूच्या आधारे चालते. रुथेनियम धातूची काही संयुगे निळा प्रकाश पडताच नारिंगी-तांबडी चमकतात; पण भोवती प्राणवायू असला की ही चमक मंदावते. अशा रंगद्रव्याशेजारी ग्लुकोज ऑक्सिडेज बसविले तर साखर आली की विकर प्राणवायू खर्च करू लागते, प्राणवायू घटतो आणि चमक वाढते. साखर जितकी अधिक, तितका उजेड अधिक.

दुसरी रीत स्पर्धेची आहे. जेरोम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ती मांडली. अबईच्या कुळातील एका शेंगेच्या बियांत ‘कॉन्कॅनॅव्हॅलिन ए’ नावाचे प्रथिन असते. (याच शेंगेच्या बियांतून १९२६ मध्ये जेम्स सम्नर यांनी युरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळे केले आणि विकर हे प्रथिन असते हे दाखवून दिले. पुढे १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.) हे प्रथिन ग्लुकोजला धरून ठेवते, तसेच डेक्स्ट्रान या ग्लुकोजच्याच लांब साखळीलाही धरते. डेक्स्ट्रानला हिरवे आणि प्रथिनाला तांबडे रंगद्रव्य जोडले, तर दोघे एकमेकांस बिलगलेले असताना हिरवा आपली ऊर्जा शेजारच्या तांबड्याला देऊन टाकतो व स्वतः फिका पडतो. ग्लुकोज आले की ते डेक्स्ट्रानची जागा घेते. डेक्स्ट्रान दूर होते, हिरव्याची ऊर्जा हिरव्याकडेच राहते आणि तो पुन्हा उजळतो. हिरव्या-तांबड्याचे गुणोत्तर पाहिले की साखर कळते. यात साखर खर्ची पडत नाही आणि प्राणवायूचीही गरज लागत नाही.

तिसऱ्या रीतीत विकरही नाही आणि प्रथिनही नाही. बोरॉनिक आम्लाचे काही कृत्रिम रेणू ग्लुकोजला धरताच अधिक तेजाने चमकतात. असे रेणू उष्णतेने सहसा बिघडत नाहीत, हा त्यांचा मोठा लाभ आहे.

पवईचे मणी

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागातील प्राध्यापक रोहित श्रीवास्तव यांनी अमेरिकेतील लुइझियाना टेक विद्यापीठात मायकेल मॅकशेन यांच्याबरोबर या विषयावर काम केले आणि पुढे पवईत तो धागा चालू ठेवला. मॅकशेन यांच्या सहकार्याने त्यांच्या गटाने २०१० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत वरील दुसऱ्या रीतीचा एक देखणा आविष्कार आढळतो.

त्याची कृती थोडक्यात अशी. तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळवून त्याचे अतिसूक्ष्म थेंब कॅल्शियमच्या द्रावणाच्या संपर्कात आणले की त्यांचे मऊ मणी बनतात. साखर ओळखणारे घटक या मण्यांतच कोंडले जातात. त्यानंतर मणी आळीपाळीने धनभारित आणि ऋणभारित बहुवारिकांच्या द्रावणांत बुडवितात. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात, त्यामुळे प्रत्येक बुडीगणिक काही नॅनोमीटर जाडीचा एकेक थर मण्यावर चढत जातो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. किती बुड्या द्यावयाच्या हे आपल्या हाती असल्याने चाळणी किती दाट ठेवावयाची हेही आपल्याच हाती राहते.

यानंतरची युक्ती विशेष लक्षणीय आहे. सायट्रेटच्या साहाय्याने मण्याच्या गाभ्यातील कॅल्शियम काढून घेतले जाते, त्यामुळे आतला घट्ट गर पातळ होतो आणि बाहेरचा थर तेवढा शाबूत राहतो. पातळ गाभ्यात डेक्स्ट्रान आणि त्याचा जोडीदार मोकळेपणाने हालचाल करू शकतात, त्यामुळे संवेदक साखरेला अधिक चांगला प्रतिसाद देतो.

हे मणी अखेर कोठे जावयाचे? कल्पना अशी की ते त्वचेच्या वरच्या थरात गोंदणाप्रमाणे टोचावेत, बाहेरून प्रकाश टाकावा आणि परतलेल्या प्रकाशाच्या रंगावरून साखर वाचावी. संशोधकांनी त्यास ‘स्मार्ट टॅटू’ असेच नाव दिले आहे. महाकोशलच्या वाचकांना हे काही परके वाटू नये. मंडला-दिंडोरीकडील बैगा स्त्रियांचे गोंदण सर्वश्रुत आहे. त्वचेखाली टोचलेला रंग जन्मभर टिकतो, हे तेथील कोणीही सांगेल. प्रश्न एवढाच की टोचलेला संवेदक किती काळ खरे बोलेल? हे गोंदण अद्याप औषधांच्या दुकानात मिळणारी वस्तू झालेले नाही. श्रीवास्तव यांना वैद्यकीय विज्ञानासाठी २०२१ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक लाभले, यावरून त्यांच्या एकंदर कामाचे मोल लक्षात यावे.

पातळ थरांचे काम महाराष्ट्रात इतरत्रही झाले आहे. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे महेंद्र शिरसाट यांनी ऑस्ट्रेलियातील संशोधकांसमवेत कार्बन नॅनोनलिका आणि पॉलिपायरोल हे वीजवाहक बहुवारिक यांचे एकावर एक थर रचून ग्लुकोजचा संवेदक तयार केला. त्याचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो प्रकाशावर नव्हे तर विद्युतप्रवाहावर चालतो. परंतु थरावर थर चढविण्याची विद्या तीच.

दंडातील दिवा

अनुस्फुरणाचा मार्ग केवळ कागदावर राहिलेला नाही, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. सेन्सिऑनिक्स या कंपनीच्या ‘एव्हरसेन्स’ या साधनास तेथील अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मान्यता दिली. औषधाच्या कॅप्सूलसारखा दिसणारा त्याचा संवेदक दंडाच्या त्वचेखाली डॉक्टर बसवितात. त्याच्यावर बोरॉनिक आम्लावर आधारलेल्या अनुस्फुरक पदार्थाचे आवरण असते; आतील लहानसा दिवा ते उजळवितो आणि वरून लावलेले यंत्र आकडा फोनकडे पाठविते. आरंभी तो ९० दिवस चाले. २०२२ मध्ये १८० दिवसांच्या आणि २०२४ मध्ये ३६५ दिवसांच्या आवृत्तीस मान्यता मिळाली. ९० दिवसांवरून वर्षापर्यंतचा हा प्रवास म्हणजे या शास्त्राच्या अडचणींचा आणि प्रगतीचा आलेखच होय.

या अडचणी कोणत्या? सतत प्रकाश पडल्याने रंगद्रव्य विटत जाते, जशी उन्हात वाळत घातलेली साडी विटते. तापमान बदलले की चमकही बदलते. विकराच्याच व्यवहारात निर्माण होणारे पेरॉक्साइड त्याच विकराला हळूहळू निकामी करते. शरीर परक्या वस्तूभोवती तंतूंचे कुंपण घालते आणि साखर तेथवर पोहोचेनाशी होते. यांवर उपायही योजिले जातात. एका रंगाच्या तेजावर विसंबण्याऐवजी दोन रंगांचे गुणोत्तर पाहावयाचे, म्हणजे दिवा मंद झाला तरी हिशेब चुकत नाही. जमा आणि खर्च या दोन्ही बाजू ताडून पाहण्याची आपली जुनी शिस्त येथेही कामी येते.

सिहोऱ्याची कसोटी

जबलपूर–कटनी लोहमार्गावर जबलपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर सिहोरा रोड हे स्थानक लागते. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूरसह एकाच प्रांतात होता, आणि महाकोशलातील मराठी कुटुंबांचे त्याच्याशी असलेले नाते त्याहूनही जुने आहे. मे महिन्यात येथे पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. आता साध्या पट्टीच्या डबीवरील सूचना वाचून पाहावी : बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आसपास वा त्याखाली, कोरड्या जागी ठेवावयाच्या असतात. पत्र्याच्या छपराखालील घरात, वीज गेलेल्या दुपारी, या सूचनेचे काय होत असेल हे सांगावयास नको. पट्टीतील विकर उष्णतेने आणि दमटपणाने बिघडते, तरी मीटर आकडा दाखवीतच राहतो. आणि त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिनची मात्रा ठरविली जाते. विकराला उष्णतेपासून जपणारा थर किंवा विकराशिवाय चालणारा अनुस्फुरक रेणू, ही अशा घरासाठी चैनीची बाब नाही; ती सुरक्षिततेची बाब आहे.

दुसरी कसोटी किमतीची. मजुरीवर चालणाऱ्या घरात पट्टीची किंमत जितकी अधिक, तितक्या तपासण्या कमी. हे ओळखूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने दोन स्वदेशी ग्लुकोमीटर तयार झाले आणि २०१४ च्या आरंभी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या हस्ते त्यांचे अनावरण झाले. त्यांपैकी एक मुंबईचा, तर दुसरा बिट्स पिलानीच्या हैदराबाद येथील संस्थेचा होता. आयात पट्ट्यांच्या तुलनेत स्वस्त पट्टी देणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. अनुस्फुरक थरांनाही हाच मार्ग चालावा लागेल. आशेची बाब ही की अल्जिनेट स्वस्त आहे, बुडवून थर चढविण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत आणि प्रकाश देणारा दिवा व तो टिपणारा डोळा आता प्रत्येक मोबाइल फोनमध्ये आहे.

तिसरी कसोटी विश्वासाची. घरगुती मीटरसाठी २०१३ चा आंतरराष्ट्रीय निकष असा आहे की शंभरातील किमान ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असावेत. साखर १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. पवईतील टेबलावर हा निकष पार करणे एक गोष्ट, आणि सिहोऱ्यात जेठ महिन्याच्या उन्हात पार करणे दुसरी. कोणताही नवा संवेदक या दुसऱ्या परीक्षेत उतरेल, तेव्हाच तो देशाच्या कामाचा ठरेल.

वाचकांसाठी थोडेसे

नवे साधन हाती येईपर्यंत जुने नीट वापरणे आपल्या हाती आहे. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी. खिडकीत, स्वयंपाकघरात किंवा मोटारीत ठेवू नये. मुदत संपलेली पट्टी वापरू नये. टोचण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत, कारण बोटाला लागलेला आंब्याचा रसही आकडा वाढवितो. दोन आकड्यांत दहा-पंधराचा फरक दिसला म्हणून घाबरू नये. पण शरीराला जाणवणारी लक्षणे आणि मीटरचा आकडा यांचा मेळ बसत नसेल तर प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. औषधाची मात्रा स्वतःहून न बदलता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सुट्या आकड्यांपेक्षा तारीख-वेळेसह ठेवलेली वही डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगून जाते. नोंदींचे महत्त्व बँकेच्या ग्राहकांस वेगळे सांगावयास नकोच.

पवईतील त्या सूक्ष्म मण्यांवर थर चढविणाऱ्या संशोधकांपुढे अद्याप बरेच काम शिल्लक आहे. ते पुरे होईल तेव्हा सिहोऱ्यातील एखाद्या घरात रात्री दोन वाजता साखर उतरू लागताच उशाशी ठेवलेला फोन वाजेल, घरातील माणसे जागी होतील आणि गुळाचा खडा वेळेवर तोंडात पडेल. एवढे साधले तरी या संशोधनावर खर्ची पडलेली वर्षे सत्कारणी लागली असे म्हणावयास हरकत नाही.